चाकांवरचं घर आणि त्यातला ओटा



आपल्या महिला मंडळात सध्या एकच विषय चालू आहे. दिवाळीनंतर, चातुर्मास संपला की, दोन-तीन कॅरॅव्हॅन भाड्यानं घ्यायच्या आणि मुलाबाळांसकट कोकण करायचं. आम्ही फेब्रुवारीत पाच दिवस असे जाऊन आलो हे कळल्यापासून देरासरात, भाजीच्या गाडीपाशी, नव्वद फुटी रस्त्यावर फिरायला गेले तरी कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, कसं असतं हो ते? आपलं सगळं सांभाळलं जातं ना?" प्रत्येकीला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

"आपलं सगळं" म्हणजे काय, ते आपल्याला न सांगता कळतं. कांदा-लसूण-बटाटा नको, सूर्यास्ताआधी जेवण, पाणी गाळलेलं, भांडी आपली. हॉटेलात या सगळ्यासाठी वेटरला दहा वेळा समजवावं लागतं आणि तरी घास घेताना मनात शंका राहते. गाडीतच ओटा, सिंक, फ्रीज आणि पाण्याची टाकी असली की ही कटकट संपते. म्हणून मंडळात सगळ्यांचं एकमत दिसतं: कॅरॅव्हॅन म्हणजे जैन घरासाठीच बनवलेली वस्तू.

माझं मत थोडं वेगळं आहे. जा, जरूर जा. पण ताट शुद्ध राहिलं म्हणजे धर्म सांभाळला, असं समजून जाऊ नका. ती गाडी ताटाखेरीज आणखी बऱ्याच गोष्टी बरोबर नेते. सांडपाणी नेते, उजेड नेते, आवाज नेते, आणि घरातल्या बाईचं रोजचं काम तर जसंच्या तसं नेते. याचा हिशेब आधी केला नाही तर पाच दिवसांनी परत येताना घरातल्या बायका दमलेल्या असतील, आणि मागे कुणाच्या तरी गावात आपली घाण राहिलेली असेल.

आधी आमचा मार्ग सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. आम्ही पाच जण: हे, मी, मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. गाडीबरोबर ड्रायव्हरदादा. ठाकुर्लीहून शिळफाटा, पनवेल, पेण करत रोह्याकडून मुरूड तालुक्यातल्या सुपेगावला. तिथं फणसाड अभयारण्य आहे. मग मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघी, तिथून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुन्हा बागमांडल्याहून फेरीबोटीनं वेसवी आणि शेवटी मंडणगड तालुक्यातलं वेळास. परत येताना म्हाप्रळवरून माणगाव आणि घर. एकीकडे जंगल, एकीकडे समुद्र. नातीच्या भाषेत सांगायचं तर "एकदम भारी".

आता पहिला मुद्दा, ओट्याचा.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. नोकरी केली नाही, पण हिशेबाची वही चाळीस वर्षं लिहितेय. प्रवासातही ती बरोबर होती. डिझेल, भाडं, फेरीबोट, टोल सगळं लिहीत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच वहीत आणखी एक पान आखलं: ओट्यापाशी कोण किती वेळ उभं होतं. दोन दिवसांचा हिशेब असा निघाला. सून साडेनऊ तास. मी सात तास. मुलगा अर्धा तास, तोही चहाचा. हे, शून्य. नातीनं काकड्या चिरल्या होत्या, तिला वीस मिनिटं दिली.

गाडीतला ओटा दीड हाताचा. एक जण उभी राहिली की दुसऱ्याला मागे जायला जागा नाही. इंडक्शनवर एका वेळी एकच भांडं. घरी तीन शेगड्यांवर पाऊण तासात होणारा स्वयंपाक इथं दोन तास चालतो. त्यात गाडी हलायच्या आत प्रत्येक वस्तू जागच्या जागी बंद करावी लागते, नाहीतर पहिल्याच वळणाला डबे खाली. सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, घरी निदान ओटा तरी मोठा असतो." तिचं बोलणं तक्रारीचं नव्हतं, पण मला ते लागलं. खिडकीबाहेर आंब्याला मोहोर आला होता आणि तिची पाठ खिडकीकडे होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाळ्या लावल्या. पाणी गाळणं यांच्याकडे. भांडी मुलाकडे. न्याहारी मुलगा आणि नात मिळून. दुपारचं सून आणि मी. संध्याकाळचं जेवण डब्यातलं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, केळी. हे म्हणाले, "सुट्टीत कसलं हजेरीपत्रक?" मी म्हटलं, "सुट्टी नेमकी कुणाची चालू आहे, ते हजेरीपत्रकातच तर कळतं." वही पुढे केली. हे बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांपुढे वाद घालत नाहीत. त्या दिवसापासून पाणी त्यांनीच गाळलं आणि फार नीट गाळलं.

हे मी घरच्यांचं कौतुक म्हणून सांगत नाही. मंडळाच्या सहलीत प्रत्येक गाडीत हेच होणार आहे. "आपल्या हातचं, शुद्ध" या दोन शब्दांत हात कुणाचे, ते कुणी विचारत नाही. आमची आजी सांगायची, त्यांच्या लहानपणी कुंभोजच्या बाहुबलीला किंवा निपाणीजवळच्या स्तवनिधीला बैलगाड्यांतून जात. शिधा, गाळणं, पितळी भांडी, सगळं गाडीत. वाटेत विहीर पाहून मुक्काम टाकायचा, तीन दगडांची चूल मांडायची. म्हणजे चाकांवरचं घर आपल्याला नवीन नाही. पण आजीच्या आठवणींत पुरुष देवळाच्या पायऱ्या चढायचे आणि बायका चुलीपाशी असायच्या, दर्शन घाईघाईत व्हायचं. बैलाच्या जागी डिझेल आलं आणि चुलीच्या जागी इंडक्शन. चुलीपुढचं माणूसही आता बदलायला हवं.

म्हणून माझी पहिली अट: निघण्याआधी कामाची वाटणी कागदावर लिहा, आणि तो कागद फ्रीजच्या दारावर चिकटवा. पुरुषांना येत नसेल तर महिनाभर आधी घरी शिकवा. गाळणं धरायला पदवी लागत नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि हा मला सगळ्यात मोठा वाटतो.

आपण पाणी गाळतो तेव्हा गाळण्यात राहिलेले जीव फेकून देत नाही. स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं गाळणं धुऊन ते पाणी जिथून आणलं तिथंच परत सोडायचं, ही जिवाणीची रीत. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. नळाच्या पाण्यानं ती रीत आता बहुतेक घरांत उरली नाही, पण तिच्यामागचा विचार आपल्याला पाठ आहे: पाणी घेतलं की त्याच्या परतीची जबाबदारीही घेतली.

आता कॅरॅव्हॅन पाहा. एका टाकीत स्वच्छ पाणी. ओट्याचं आणि आंघोळीचं सांडपाणी दुसऱ्या टाकीत. टॉयलेटचं तिसऱ्या. पहिली टाकी भरायची चिंता सगळ्यांना असते, उरलेल्या दोन कुठं रिकाम्या होतात ते कुणी विचारत नाही. आमच्या प्रवासात दुसऱ्या दिवशी सांडपाण्याची टाकी भरत आली. ड्रायव्हरदादांनी रस्त्याच्या एका वळणावर गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "इथं सोडू का? सगळे इथंच सोडतात." खाली उतारावर झाडी होती आणि त्याच्या खाली ओढा. साबण, तेल, खरकटं, सगळं त्या ओढ्यात जाणार. मुलानं नको म्हटलं. पुढच्या मुक्कामाच्या घरी शोषखड्डा होता, मालकांना विचारून, पैसे देऊन तिथं टाकी रिकामी केली. दादांचा काही दोष नाही, त्यांना कुणी दुसरी जागा दाखवलेलीच नव्हती.

मुनीमहाराजांच्या पाच समिती आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. पहिल्या चारांवर प्रवचनं पुष्कळ ऐकलीत. पाचवीकडे आपण जरा संकोचानं पाहतो. पण तिचा अर्थ सरळ आहे: शरीराचा मळ टाकतानाही जागा पाहून, तिथं जीव नाहीत याची खात्री करून टाकायचा. मुनींचं व्रत आपल्यावर तितकं कडक लागू नाही, हे मला कळतं. पण जे एका माणसानं इतक्या काळजीनं करायचं, ते दहा माणसांची टाकी उघडताना आपण वळणावर गाडी उभी करून करणार असू, तर आपण घरून आणलेल्या गाळण्याला काय अर्थ राहिला?

बाहेरच्या देशांनीही हा धडा घेतलाय. न्यूझीलंडमध्ये मोटारहोमचं वेड मोठं. तिथं उघड्यावर मुक्काम करणाऱ्यांसाठी २०११ साली कायदा आला, आणि २०२३ च्या दुरुस्तीनं अशा गाड्यांत पक्कं बसवलेलं टॉयलेट लागेल असा नियम झाला. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही त्यात विचार आहे. पण नियम कागदावरून रस्त्यावर येईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. गाडी ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा विचारता ना? दुसरा हा विचारा: "सांडपाणी कुठं रिकामं करता?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी गाडी पाहा.

तिसरा मुद्दा उजेडाचा आणि आगीचा.

फणसाडचं जंगल पूर्वी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. जिथं एके काळी शिकारीसाठी माणसं जात, तिथं आता आपण झाडाच्या शेंड्यावर शेकरू शोधत मान वर करून उभ्या राहतो. शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, मोठी तांबूस खार, शेपूट अंगापेक्षा लांब. नातीला दिसली. तिनं ओरडायच्या आधी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. मला वाटतं त्या सकाळी तिला कळलेली अहिंसा पाठशाळेच्या पुस्तकापेक्षा खोल गेली असेल.

अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, कचरा टाकता येत नाही, आणि रानाला धोका होईल अशी आग पेटवता येत नाही, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. तरी सहलीचं नाव निघालं की पहिली मागणी शेकोटीची. मंडळातही एकीनं विचारलं, "कॅम्पफायर असेल ना?" मी विचारते, कशासाठी? रात्रीचं जेवण आपण करत नाही. कोकणात थंडी ती किती. मग नुसतं फोटोसाठी लाकडं जाळायची आणि उजेडाकडे झेपावणारे किडे त्यात पडताना बघायचे? आपल्या घरात दिव्यावर काच ठेवायची पद्धत होती, ती कशासाठी होती?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाची व्रतं आहेत, त्यात तीन गुणव्रतं येतात. दिग्व्रत म्हणजे किती दूर जायचं याची मर्यादा, देशव्रत म्हणजे ठरावीक काळासाठी आणखी आखलेली मर्यादा, आणि अनर्थदंडविरती म्हणजे विनाकारण हिंसेपासून दूर राहणं. या तिसऱ्याच्या स्पष्टीकरणात आचार्यांनी प्रमादानं होणारी हिंसा सांगितली आहे: कारण नसताना झाड तोडणं, जमीन खणणं, पाणी सांडणं. मला तर हे सहलीचे नियमच वाटतात. गंमत बघा, प्रवासाची मर्यादा आणि विनाकारण हिंसा या दोन गोष्टी एकाच रांगेत बसवल्या आहेत. घरात माणूस सहसा कारण नसताना झाड तोडत नाही. बाहेर पडला, मोकळा झाला, की हात चालायला लागतात.

उजेडाची गोष्ट वेळासला जास्त समजली. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या तिथल्या वाळूत रात्री येऊन अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभरेक. पूर्वी ती अंडी चोरली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राच्या दिशेनं सोडतात. त्यातूनच कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांत पाहुणे उतरू लागले.

पिल्लं तळहाताएवढीही नसतात. नातीनं मला हळूच विचारलं, "आजी, टॉर्च दाखवून त्यांना वाट दाखवायची का?" शेजारी उभ्या असलेल्या गावच्या मुलानं तिला समजावलं. पिल्लू अंड्यातून आलं की जिकडे उजेड जास्त तिकडे जातं. अंधाऱ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राकडची बाजूच जास्त उजळ असते, म्हणून ते पाण्याकडे जातं. मागे दिवे लागले की ते उलटं फिरतं आणि मरतं. म्हणजे आपण मदत म्हणून दाखवलेला दिवा त्याचा जीव घेणार. दया असली तरी ज्ञान लागतं, असं आपल्याकडे म्हणतात. "आधी ज्ञान, मग दया." किनाऱ्यावर ते डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून किनाऱ्यावरच गाडी लावायची, रात्री छताचे दिवे लावून गाणी म्हणायची, ही जी जाहिरातींतली चित्रं आहेत, ती मंडळानं डोक्यातून काढावीत. वाळूवर गाडी घालू नका. चाकाखाली घरटं आहे की नाही ते वरून दिसत नाही. शिवाय दर सुट्टीत भरतीत रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या येतात आणि गावातले लोक ट्रॅक्टर घेऊन धावतात, ते वेगळंच. वेळासला आम्ही गाडी गावात एका घराच्या अंगणात लावली आणि किनाऱ्यावर चालत गेलो. माझे गुडघे आहेत तसे आहेत, तरी गेले. चार हात जमीन पाहत चालणं म्हणजे काय ते त्या पायवाटेवर आपोआप होतं.

चौथा मुद्दा पैशाचा, कारण तो मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पाच दिवसांच्या गाडीभाड्यात आम्ही पाच जण एखाद्या गावात घरगुती निवासात आठवडाभर आरामात राहिलो असतो, असा माझा हिशेब निघाला. म्हणजे कॅरॅव्हॅन स्वस्त पडते हा गैरसमज असेल तर तो सोडा. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी. धान्य, पीठ, तूप, डाळी, पाण्याचे कॅन, सगळं ठाकुर्ली-डोंबिवलीहून भरून नेलं तर वाटेतल्या गावाला आपल्याकडून काय मिळतं? भाडं शहरातल्या कंपनीला, डिझेल पंपाला, आणि गावाला आपला कचरा. जमेच्या बाजूला काहीच नाही. वेळासच्या लोकांनी कासवं जपली, त्यात त्यांच्या दारी येणाऱ्या पाहुण्यांचा वाटा आहे. पाहुणा आपली चूल बरोबर घेऊन येऊ लागला, तर तो वाटा कोण भरणार?

माझी सूचना अशी. दिवसातून एक जेवण तरी गावातल्या बाईच्या हातचं घ्या. आम्ही वेळासला आदल्या दिवशी फोन करून सांगितलं: कंद नको, कांदा-लसूण नको, साडेपाचला वाढाल का? त्या ताई म्हणाल्या, "एवढंच ना? आमच्याकडे नैवेद्याला असंच करतो." तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, कच्च्या केळीची भाजी, सोलकढी लसणाशिवाय. सून पहिल्यांदा पाटावर बसून, दुसऱ्याच्या हातचं, गरम गरम जेवली. ज्यांना भांड्यांची अडचण वाटते त्यांनी आपली भांडी द्यावीत, कुणी वाईट मानत नाही. पण मागून नाकाला पदर लावू नका. किनाऱ्यावरच्या गावात मासळी वाळत असणार. तो कोळ्यांचा संसार आहे आणि आपण तिथं पाहुण्या आहोत. आपल्या व्रताची किंमत आपण मोजायची असते, यजमानानं नाही.

याच पानावर ड्रायव्हरदादांचाही हिशेब लिहिते. कंपनीकडून आम्हाला सांगण्यात आलं होतं की ड्रायव्हर सीटवरच झोपतो. दिवसभर वळणांचे रस्ते चालवणारा माणूस रात्री बसून झोपणार, आणि दुसऱ्या दिवशी आपली नात त्याच्या भरवशावर? आम्ही दोन्ही मुक्कामांच्या गावी त्यांच्यासाठी खोली घेतली. जेवणाचे पैसे रोख दिले. त्यांनी काय खाल्लं ते विचारलं नाही. आणि अंधार पडल्यावर एक किलोमीटरही गाडी चालवली नाही. सूर्यास्ताआधी जेवायचं तर पाचच्या सुमाराला गाडी थांबलीच पाहिजे. आपल्या या एका नियमानं दादांना विश्रांती मिळते, रस्त्यावर रात्री फिरणारी जनावरं वाचतात आणि दिव्यांवर आपटणारे किडेही. एक नियम नीट पाळला तर तो किती जणांना पुरतो बघा.

आता काळाविषयी. मंडळानं दिवाळीनंतरचा बेत ठरवला याचा मला आनंद आहे. काही जणींच्या घरून "पावसाळ्यातच जाऊ, धबधबे असतात" असा आग्रह होता. आपले मुनी चार महिने एका जागी थांबतात, कारण त्या दिवसांत जमिनीवर पाऊल ठेवायलाही निर्जीव जागा मिळत नाही. आणि नुसते मुनीच थांबतात असं नाही. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात. आपल्याला तर सहलच करायची आहे.

"इतके नियम लावायचे तर जायचंच कशाला?" असं एका मैत्रिणीनं मला तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की ठाकुर्लीच्या दोन खोल्यांतल्या आपल्या नातवंडांनी झाड म्हणजे सोसायटीची कुंडी आणि पाणी म्हणजे नळ एवढंच पाहिलंय. त्यांना आपण जीवदया शिकवतो, पण जीव दाखवत नाही. दिव्याखाली सापडलेल्या मुंगीवर किती दिवस शिकवणार? शेकरू पाहिलेल्या, कासवाचं पिल्लू लाटेत शिरताना पाहिलेल्या मुलीला पुढे वेगळं सांगावं लागत नाही. त्यासाठी जायचं. आणि ज्या घरातल्या बाईनं वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ओटा सांभाळलाय, तिनं एक संध्याकाळ हात कोरडे ठेवून समुद्राकडे बघत बसावं, त्यासाठीही जायचं. हे दोन हेतू पूर्ण होत नसतील तर गाडी कितीही मोठी घ्या, ते ठाकुर्लीचं स्वयंपाकघर कोकणात नेऊन परत आणल्यासारखं होईल.

येत्या रविवारी मंडळाच्या बैठकीत मी हे मुद्दे मांडणार आहे. थोडक्यात: कामाची वाटणी लेखी, आणि पुरुषांच्या सहीनं. सांडपाण्याची जागा ठरल्याशिवाय गाडीचं आगाऊ भाडं भरायचं नाही. शेकोटी नाही, वाळूवर गाडी नाही, अंधारात प्रवास नाही. रोज एक जेवण गावातलं. ड्रायव्हरला झोपायला खोली. तीन गाड्यांऐवजी दोन गाड्या आणि उरलेल्यांसाठी घरगुती निवास, असं केलं तर खर्चही बराच खाली येतो. आकडे मी काढून ठेवलेत, वही घेऊन येईन.

ज्यांना पटत नसेल त्यांनीही जरूर यावं. बोलू, भांडू, पण ठरवूनच उठू. आणि हो, येताना घरातल्या पुरुषांनाही घेऊन या. या वेळचा चहा त्यांनी करायचाय.

जय जिनेंद्र.